सहा इंच

निरनिराळ्या देशांतल्या तरुण वास्तुकारांच्या तुकडीचे प्रमुख होणे म्हणजे बारशाला जमलेल्या सगळ्या आत्यांकडून एकच नाव कबूल करून घेणे! अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या गावी, एका उन्हाळ्यात हा मान माझ्या वाट्याला आला.

तुकडीत पोलंडची एक मुलगी, घानाचा एक मुलगा, एक तुर्की तरुण आणि दोघे तिथलेच. काम विटांच्या एका जुन्या घराची मापे घेऊन नकाशे काढण्याचे. १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या वास्तुकारांना काम मिळावे म्हणून तिथल्या सरकारने जुन्या इमारतींचे असे नकाशे करून घ्यायला सुरुवात केली. ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवतात. उद्या घर जळाले, पाडले गेले, तरी कागदावर ते उभे राहते.

दिवाणखाना १८ फूट रुंद, २४ फूट लांब. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत बरोबर ३० फूट भरायला हवेत. हे शाळेतला पायथागोरस सांगतो. पोलंडच्या मुलीने टेप वाचली : ३० फूट ६ इंच.

दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ यायचे होते. मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, "वाचण्यात चूक झाली असेल. ३० लिहून टाक."

"चूक असेल तर पुन्हा मोजू," ती म्हणाली, "पण न मोजलेला आकडा मी लिहिणार नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला राग आला. पण तिचे बरोबर होते, हेही त्याच क्षणी कळले होते.

मुकाट्याने मी टेपचे टोक धरले. पुन्हा ३० फूट ६ इंचच. मग दुसरा कर्ण मोजला : २९ फूट ६ इंच! एक सहा इंच लांब, दुसरा तेवढाच आखूड. टेप खोटी नव्हती. खोलीच तिरकी होती. खिडकीबाहेर डोकावलो, तर गल्लीही तशीच तिरकी. गवंड्याने भिंत गल्लीच्या रेषेत घातली होती. माझ्या त्या '३०'ने गवंड्याचा तो हिशेब कायमचा पुसला असता.

आता लेसरची यंत्रे क्षणात मापे देतात. पण आकडा मनाजोगता नसला की तो सरळ करण्याचा मोह कोणते यंत्र आवरणार?

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी नकाशावर बोट ठेवून विचारले, "ही खोली अशी वाकडी का?"

मी त्या मुलीला पुढे केले. म्हटले, "हिला विचारा. मी तर सरळच काढायला निघालो होतो."