तहानेआधीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपली म्हण नावे ठेवते, आणि भीमा व नीरा या दोन नद्यांच्या कुशीत असूनही पर्जन्यछायेत तळमळत राहिलेल्या इंदापूर तालुक्यात, आमच्या वरकुट्यासारख्या गावी, त्या म्हणीचा अर्थ कुणाला समजावून सांगण्याचा प्रसंग कधी आला नसेल. परंतु स्त्रीने स्तनाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या वयापासून करून घ्यावी, या एकाच प्रश्नाभोवती मन घोटाळत असताना, इतकी वर्षे निःशंकपणे उच्चारलेली ती म्हण मला अपुरी वाटू लागली आहे. वेळ टळून गेल्यावर खणणाऱ्याला ती दोष देते खरी. पण तहानेच्या किती आधी खणावे, आणि आधी खणूनही पाणी लागले नाही तर खणणाऱ्याची वाट काय, याविषयी ती चकार शब्द काढीत नाही.

आमच्याकडे विहीर खणणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझी शंका पटेल. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शिवारभर फिरतो, जिथे नारळ उभा राहतो तिथे चुना टाकला जातो, मुरूम संपून काळा कातळ लागतो, सुरुंगांचे बार उडतात, आणि घरातली बाई दर संध्याकाळी 'ओल दिसली का?' एवढेच विचारते. माझ्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली एक हकिगत अशी, की भाऊबंदांतल्या एकाने, पाण्याची तशी निकड नसताना, केवळ पुढच्या दुष्काळाच्या धास्तीने सरकारी तगाई काढून विहीर पाडली. तळाशी कोरडा खडक निघाला, आणि त्या कोरड्या विहिरीचे हप्ते पुढे त्याच्या मुलाने फेडले. त्याच्यासाठी आपल्या भाषेत एखादी म्हण असावी, असे मला आता तीव्रतेने वाटते, कारण तो मूर्ख नव्हता. दूरदृष्टी दाखवा असे जे सगळे सांगतात, तेच त्याने केले होते.

तपासणीचेही काहीसे असेच आहे. तरुण स्त्रीच्या स्तनातील ऊती दाट असतात. मॅमोग्राफीच्या चित्रात दाट ऊतीही पांढऱ्या आणि गाठही पांढरी, म्हणून यंत्राला एक दुसरीआड दिसत नाही, आणि जे नाही ते असल्याचा संशयही अधिक वेळा येतो. मग पुन्हा बोलावणे, सोनोग्राफी, सुईने तुकडा काढणे, अहवालाची वाट पाहणे. आणि बहुतेक जणींच्या बाबतीत अखेरीस काहीच नाही. ज्यांना काही निघते, त्यांतल्याही काहींच्या गाठी अशा असतात की त्या जन्मभर निपचित पडून राहिल्या असत्या, पण त्या कोणत्या हे आधी सांगता येत नसल्यामुळे सर्वांवर शस्त्र चालते. उशिराची किंमत आम्ही आमच्या पंचक्रोशीत पाहिली आहे, गाठ दुखत नाही म्हणून पदराआड वर्ष वर्ष झाकून ठेवलेली पाहिली आहे. पण आधीचीही किंमत असते.

थोरामोठ्यांनी तरी एकवाक्यता दाखवावी, तर तीही नाही. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २००९ साली सरसकट आरंभाचे वय पन्नास सांगितले, आणि २०२४ साली तेच चाळिसावर आणले. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावतात. आपल्या सरकारने २०१६ च्या आराखड्यात तिशीपासून पासष्टीपर्यंत, दर पाच वर्षांनी, आणि तेही यंत्राने नव्हे तर हाताने तपासावे असे ठरविले. त्यातल्या हाताच्या तपासणीवर माझा जीव जडला तो मुंबईतील एका प्रयोगामुळे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचे वस्त्यांनुसार दोन भाग केले. एका भागात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या बोटांनी तपासणी केली, आणि दुसऱ्या भागात केवळ आरोग्यशिक्षण दिले. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे फलित २०२१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले दिसले; पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी ठोस घट दिसली नाही. ज्या बोटांवर माझा विश्वास बसला, त्यांनीच तिशीच्या फर्मानावरचा विश्वास डळमळीत केला.

वयाची अशी रेघ आखणारे लोक नेमके काय करीत असतात, याचा विचार करताना मला वारंवार आठवते ते १८३६ साल, कारण मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची आणि जमाबंदीची नवी पद्धत त्या वर्षी प्रथम लागू झाली ती याच इंदापूर तालुक्यात. त्यापूर्वी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न हिशेबाने काढून त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून बसविण्याचा घाट घातला होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो हिशेब मोठा रेखीव होता, पण इंदापुरात तो उतरला तेव्हा जमिनी पडीक पडल्या आणि रयत गाव सोडून चालती झाली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे दुसरे दोन अधिकारी आले, आणि त्यांनी अचूकतेचा हव्यासच सोडून दिला. मातीचा रंग आणि खोली पाहून तिच्या नऊ प्रती पाडल्या, त्यांची किंमत आण्यांत लावली, आकार हलका केला आणि तीस वर्षांच्या मुदतीने कायम केला. त्या मुदतीत शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर पाडली तरी तिच्यापायी सारा वाढणार नाही, अशी हमीही दिली. ओबडधोबड नियम रेखीव नियमापेक्षा अधिक दयाळू ठरला, हे मला त्यातले फार महत्त्वाचे वाटते. परंतु तीस वर्षे सरल्यावर फेरआकारणी झाली, सारा वाढला, आणि १८७५ च्या मे महिन्यात जवळच सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळणारा दंगा उसळला. त्याची कारणे अनेक होती, तरी हलक्या हाताने आखलेली रेघही कायमची हलकी राहत नाही, एवढे त्यावरून दिसते. शिवाय नऊ प्रतींचा तो तक्ता सरकारच्या सोयीसाठी होता. आपल्या बांधाखाली पाणी आहे की नाही, हे त्यातून कोणत्याही कुणब्याला कळले नसते.

आजच्या तपासणीसाठी गावच्या आशा-सेविका, आमच्या आशाताई, ओट्यावर बसून जो फॉर्म भरतात, तो मी जवळून पाहिला आहे. मांडीवर वही, वहीवर तो कागद, आणि बोलताबोलता एका हाताने परातीतल्या शेंगा फोडायला केलेली मदत. त्यातही वयाला प्रतवारीप्रमाणे गुण आहेत: तिशीला एक, चाळिशीला दोन, पन्नाशीला तीन, साठीच्या पुढे चार, मात्र ते गुण साखर, रक्तदाब धरून सगळ्याच दीर्घ आजारांसाठी. छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का, आकारात फरक पडला आहे का, हे त्या विचारतात. विचारताना आवाज खाली आणतात, आणि सासू जवळ असेल तर बहुतेक जणी नुसती मान हलवितात. मी पाहिलेल्या त्या कागदावर घराण्यातल्या आजारांचाही प्रश्न होता, पण तो साखरेचा, रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा. घराण्यात कुणाला कर्करोग झाला का, हे त्यावर नव्हते.

आणि माझ्या धाकट्या जावेचा प्रश्न नेमका तिथेच अडतो. 'ताई, मी कधी दाखवायचं?' असे तिने विचारले, तेव्हा तिच्या आत्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी हा आजार झाला होता, हे सांगायला ती जवळजवळ विसरली होती, कारण आमच्याकडे अशा गोष्टी आईच्या अंगाने येतात असे सर्व जण धरून चालतात. वास्तविक या रोगाकडे ओढा निर्माण करणारा जनुकीय दोष बापाकडूनही तितकाच उतरू शकतो. आत्याचा दोष तिच्या भावात सहसा दिसत नाही, पण त्याच्या लेकीत दिसू शकतो. आईला वा सख्ख्या बहिणीला ज्या वयात रोग झाला, त्याच्या दहा वर्षे आधी तपासणी सुरू करावी, असे डॉक्टर पुष्कळदा सांगतात. आत्या मात्र आईइतकी जवळची धरावी की दूरची, एकच आत्या पुरेशी की तिच्या मागे आणखी कुणी, कधी न बोललेली, होती, हे तिच्या माहेरी विचारायला हवे, आणि माहेरची जुनी माणसे त्याचे उत्तर देतील याची मला खात्री वाटत नाही. हा प्रश्न घेऊन बसले तेव्हा माझे मन पन्नाशीकडे झुकलेले होते. तो कल आता उरलेला नाही, पण त्याच्या जागी दुसरा आकडाही आलेला नाही. बारामतीला जाऊन डॉक्टरांपुढे आत्याचे नाव काढ, एवढे मी तिला सांगितले आहे. ऊसतोड उरकल्यावर जाते म्हणाली. आत्याचे चव्वेचाळीस, त्यातून दहा वजा जाता चौतीस. आणि जाऊ आता अडतीस वर्षांची आहे.