उमरग्याहून विमान कोठलें धरावें?

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता नळदुर्ग मागें टाकून पूर्वेस निघाला, कीं धाराशिव जिल्ह्याच्या अगदीं कडेला उमरगा लागतो. पुढें थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द. गांवांत आगगाडी नाहीं. तेथें विमानाची गोष्ट कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु येथल्या घरांतील मुलें आज पुणें-बेंगळूरच नव्हे, तर पार जर्मनी-इंग्लंडपर्यंत पोंचलीं आहेत, आणि त्यांच्या मागोमाग वडीलधाऱ्यांनाही घराबाहेर पडावें लागतें. अशा वेळीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं विमान धरावयाचें कोठून?

गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्याच माजघरांत येऊन बसला. आमची पुतणी फ्रँकफुर्टला असते. तिचें पहिलें बाळंतपण. आई जवळ हवी. दादांना कामामुळें निघतां येईना, म्हणून वहिनींनीं एकट्यानें जावयाचें ठरलें. वहिनींनीं तोंवर विमानांत पाऊल ठेविलें नव्हतें. इंग्रजी वाचतां येतें, पण बोलण्याचा सराव नाहीं. आणि गुडघे तर वर्षानुवर्षें दुखरे.

प्रथम आम्हीं नकाशा उघडला. नकाशा मोठा उदार असतो. उमरग्याच्या चोहों बाजूंस त्यानें विमानतळ दाखविले. पश्चिमेस सोलापूर, दक्षिणेस कलबुर्गी, पूर्वेस बीदर, उत्तरेस लातूर. सारेच गाडीनें दोन-अडीच तासांच्या आंत-बाहेर. परंतु धावपट्टी असली म्हणजे विमान असतेंच, असें नाहीं. लातूरला धावपट्टी आहे, पण वेळापत्रकाचें प्रवासी विमान नाहीं. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्यें, तर बीदरची सेवा फेब्रुवारी २०२० मध्यें सुरू झाली. बीदरची मध्यें खंडित होऊन २०२५ सालीं पुन्हां चालू झाली. सोलापुराहून ९ जून २०२५ रोजीं गोव्याचें विमान उडालें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईचें. लहान गांवांच्या या सेवांना सरकारच्या ‘उडान’ योजनेचा टेंकू असतो. तो सामान्यतः तीन वर्षांचा. टेंकू निघाल्यावर उतारूंच्या संख्येवर विमान तगतें किंवा बंद पडतें. म्हणून अशा विमानतळाचा विचार करतांना गेल्या वर्षींच्या माहितीवर विसंबूं नये. तिकिट काढण्याच्या दिवशींच चौकशी करावी.

सोलापुराहून मुंबई आणि तेथून परदेश, असाही एक बेत निघाला. त्यांत अडचण निराळी. दोन तिकिटें वेगवेगळीं काढलीं, आणि पहिलें विमान उशिरां पोंचल्यामुळें दुसरें चुकलें, तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. सामानही मुंबईस उतरवून घेऊन नव्यानें द्यावें लागतें. शिवाय देशांतल्या विमानांत सामानाची मर्यादा बहुधा १५ किलोंची. आणि बाळंतपणाला निघालेल्या आईची पेटी पंधरा किलोंत बसलेली कोणी पाहिली आहे काय?

उरल्या दोनच वाटा, मुंबई आणि हैदराबाद. मुलांनीं दर काढले. मुंबईहून आखाती देशांत विमान बदलून जाणें सर्वांत स्वस्त. हैदराबादेहून फ्रँकफुर्टला जानेवारी २०२४ पासून थेट विमान सुरू झालेलें. पण त्याचें भाडें चौदा हजारांनीं अधिक. “भावजी, स्वस्तांतलें काढा. माझ्या एकटीपायीं एवढा खर्च नको,” असें वहिनींनीं निक्षून सांगितलें. दादा गप्प राहिले.

तेव्हां आम्हीं वही घेतली आणि हिशेब विमानतळापासून न मांडतां घराच्या उंबरठ्यापासून मांडला. मुंबई सुमारें पांचशें किलोमीटर. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सव्वादोनशेंच्या आसपास. पोंचविणाऱ्यांच्या गाडीचें जाणें-येणें, रस्त्यावरचे टोल, मुंबईस तिघांचा एक मुक्काम, वाटेवरचें जेवणखाण, इतकें धरल्यावर चौदा हजारांतले जेमतेम अडीच हजार उरले. त्या अडीच हजारांच्या बदल्यांत परक्या मुलखांत रात्रीचे सात तास ताटकळणें होतें, आणि दुखऱ्या गुडघ्यांनीं विमान बदलण्याची धांवपळ होती.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. जांवईबापूंनीं फोनवर सांगितलें, कीं फ्रँकफुर्टच्या नांवानें स्वस्त तिकिटें विकलीं जातात, त्यांतलीं कांहीं हान येथल्या विमानतळाचीं असतात, आणि तें गांव फ्रँकफुर्टपासून सुमारें १२० किलोमीटर दूर आहे. पॅरिसच्या नांवावर चालणारें बोव्हेही तसेंच ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरांवर. लंडन ते पॅरिस हें आकाशांतलें अंतर तासाभराचें खरें. पण १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यांतून धांवणारी आगगाडी शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सुमारें सव्वादोन तासांत पोंचविते, म्हणून तेथले जाणते लोक विमानाचा तास पाहत नाहींत, दारापासूनचे तास मोजतात. तिकिटावर शहराचें नांव वाचून थांबूं नये. विमानतळाचेंही नांव वाचावें, हा धडा आम्हीं त्यावरून घेतला.

अखेर वहीचें तें पान आम्हीं वहिनींच्या पुढें ठेविलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें आणि म्हणाल्या, “मग हैदराबादच.” दादांनीं सुटकेचा निःश्वास टाकला.

निघण्याच्या दिवशीं दुपारींच गाडी काढली. हुमनाबाद, जहिराबाद, संगारेड्डी करीत पटानचेरूस आलों. तेथें वर्तुळाकार मार्गास लागल्यामुळें शहराच्या गर्दींत न शिरतां थेट शमशाबादेस पोंचतां आलें. वाटेंत दादांना आमच्या आजोबांची आठवण झाली. निजामी अमलांत, आणि पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत येईपर्यंत, आमच्या भागाची राजधानी हैदराबादच. आजोबा कज्जेदलालीच्या कामासाठीं याच वाटेनें जात. राजधानी बदलली, विमानेंही बेगमपेठ सोडून २००८ सालीं शमशाबादेस गेलीं. वाट मात्र तीच राहिली.

वहिनींसाठीं चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेविली होती. तिनें फार सोय झाली. मध्यरात्रीनंतर विमान सुटलें. दुसऱ्या दिवशीं फोन आला तो वहिनींचाच. “भावजी, उतरलें तेव्हां दारांत जांवईबापू उभे होते. वाटेंत कोणाला कांहीं विचारावें लागलें नाहीं.” त्यानंतर सहाव्या दिवशीं नात झाली, आणि आई तिच्या उशाशीं होती.

आतां नव्या मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, आणि पुण्याकडून जाणाऱ्यास तो मुंबईच्या अलीकडेच लागतो. तेव्हां पुढच्या खेपेस वहीचें नवें पान उघडावें लागेल, आणि कदाचित् उत्तरही निराळें येईल. हिशेबाचा आरंभ मात्र आपल्या उंबरठ्यापासूनच करावा, आणि जाणाऱ्या माणसाचे गुडघे त्यांत धरावयास विसरूं नये.