भविष्यकाळाने निवडलेली जुनी वास्तू

लॉस एंजेलिस शहराच्या जुन्या बाजारपेठेत साउथ ब्रॉडवे या रस्त्यावर ३०४ क्रमांकाची एक पाचमजली इमारत आहे. ब्रॅडबरी बिल्डिंग हे तिचे नाव. तपकिरी विटांचे तिचे बाह्यांग इतके साधे आहे, की समोरच्या ग्रँड सेंट्रल मार्केटमधील फळांच्या राशी पाहण्यात गुंतलेला प्रवासी तिच्याकडे लक्ष न देताच पुढे निघून जावा. परंतु जो दार ओलांडून आत जातो, त्याची पावले आपोआप थांबतात. एखाद्या वाड्याच्या चौकासारखा मोकळा चौक, त्यावर थेट छतापर्यंत पोकळी आणि छताला काच. त्या काचेतून झिरपणारा उजेड फिकट विटांवर, संगमरवरी पायऱ्यांवर आणि वेलबुट्टीच्या लोखंडी कठड्यांवर उतरतो. दोन बाजूंना पिंजऱ्यासारख्या उघड्या लिफ्ट आहेत. त्यांची चाके, साखळ्या व वजने वर-खाली होताना स्पष्ट दिसतात.

ही वास्तू १८९३ साली पूर्ण झाली. त्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी अमेरिकेला जैन दर्शनाची ओळख करून दिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या वयाची कल्पना येते. मेक्सिकोतील खाणींतून संपन्न झालेल्या लुईस ब्रॅडबरी यांनी ती बांधावयास घेतली. मात्र पूर्ण झालेली वास्तू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८९२ मध्येच त्यांचे निधन झाले. बांधकामाची जबाबदारी जॉर्ज वायमन या तरुण आरेखकाकडे आली होती. एडवर्ड बेलामी यांच्या १८८८ च्या एका कादंबरीवरून वायमन यांना या चौकाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

ही कादंबरी व्यापारी कुटुंबांना विशेष कुतूहलाची वाटावी. तिचा नायक निद्रिस्त होतो आणि जागा होतो तो थेट २००० साली. तेथील विक्रीभवनात घुमटातून प्रकाश उतरतो. ग्राहकाला माल घेण्याची गळ कोणी घालत नाही. नमुना पाहून मागणी नोंदवली, की मध्यवर्ती कोठारातून वस्तू घरी पोहोचते. देवघेवीसाठी रोख पैसा नसून ‘क्रेडिट कार्ड’ आहे. हा शब्द त्या पुस्तकातलाच. भविष्याचे असे चित्र पाहून, लोक घोडागाडीने फिरत होते त्या काळात, ही इमारत उभी राहिली. म्हणजे आज आपण जिला जुनी म्हणतो, ती जन्मतः भविष्याचे स्वप्न होती.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी भविष्यच तिला शोधत आले. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी १९८२ साली ‘ब्लेड रनर’ हा विज्ञानपट केला. त्यातील कथा २०१९ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. आकाशातून मोटारी उडतात, पाऊस थांबत नाही, माणसासारखी हुबेहूब दिसणारी कृत्रिम माणसे घडवली जातात. असे नगर उभे करताना सर्व काही नवे, चकचकीत दाखवणे सोपे होते. या चित्रपटाने तसे केले नाही. जुन्या इमारती तशाच ठेवून त्यांवर नव्या नळ्या, तारा व यंत्रे चढवावीत, अशी त्याची रीत होती. खऱ्या शहरात कोणतीही पिढी सर्व काही पाडून नव्याने मांडत नाही. आजोबांच्या भिंतीवरच नातू विजेचा दिवा लावतो. म्हणूनच ते भविष्य प्रेक्षकाला खरे वाटले.

चित्रपटात ब्रॅडबरी ही ओसाड इमारत आहे. सेबॅस्टियन नावाचा एकाकी कारागीर स्वतः घडवलेल्या चालत्या-बोलत्या खेळण्यांच्या सोबतीने तेथे राहतो. चित्रीकरण रात्री चाले. चौकात कचरा पसरला जाई, धूर केला जाई. आणि पहाटे सर्व स्वच्छ केले जाई, कारण सकाळी तेथील कचेऱ्या उघडावयाच्या असत. पडद्यावर भग्न दिसणारी वास्तू प्रत्यक्षात नित्यनेमाने उद्योग करीत होती.

त्याच कथेत जुन्या वस्तूंची दुसरी बाजूही दिसते. अवघ्या चार वर्षांचे आयुष्य लाभलेली कृत्रिम माणसे छायाचित्रे जिवापाड जपतात. एका तरुणीजवळ आईसोबतचे बालपणीचे छायाचित्र आहे. पण ते बालपण, ती स्मृती मुळी तिची नाहीच. वस्तू हातात आहे, आधार मात्र नाही. आसक्ती आणि जतन यांतील अंतर येथे उमगते. केवळ कवटाळून ठेवलेली वस्तू बंधन होते. उपयोगात ठेवलेली वस्तू वारसा होते.

वास्तूचे पुढचे चरित्र हेच सांगते. काळाच्या ओघात ब्रॉडवेची रया गेली होती. १९८९ साली आयरा येलिन या व्यावसायिकाने ही इमारत घेतली. समोरचे मार्केटही त्यांनीच हाती घेतले. ब्रेंडा लेविन या वास्तुविशारदांच्या देखरेखीखाली डागडुजी झाली आणि तेथे पुन्हा भाडेकरू आले. जुनी पेढी पाडावी की राखावी, हा प्रश्न ज्या घरांत आज चर्चेला येतो, त्यांनी या व्यवहाराकडे जरूर पाहावे. येथे वास्तू टिकली, ती तिचा उपयोग टिकवला म्हणून.

मुलांकडे अमेरिकेला गेलेली आणि बुएना पार्कच्या जैन केंद्रात दर्शन घेणारी मंडळी एखादी सकाळ येथेही घालवू शकतात. अभ्यागतांना तळमजला आणि जिन्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंतच जाता येते. वर आजही लोकांच्या कचेऱ्या आहेत. तेवढ्या पायऱ्यांवरूनही काचेतला उजेड पुरेसा दिसतो.

बेलामींचे २००० साल आले आणि गेले. चित्रपटाचे २०१९ सालही मागे पडले. मोटारी काही उडाल्या नाहीत. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तत्त्व आपण लहानपणापासून ऐकतो. पर्याय येतात, लयाला जातात, आणि त्या सर्वांतून काहीतरी टिकून राहते. त्या चौकात उभे राहिल्यावर पाठशाळेतला तो धडा प्रवाशाला पुन्हा आठवतो.