पानगळीतलं ईरी सरोवर आणि तीस इंची वॉलाय

ट्रोलिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोबाइलवर कुणीतरी कुणाची तरी खिल्ली उडवतंय, हेच ना? माझंही तसंच झालं. ऑक्टोबरअखेर मी बडोद्याहून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मुलीकडे गेले होते. एका संध्याकाळी जावई म्हणाले, ‘‘आई, शनिवारी आपण सगळे ट्रोलिंगला जाऊया.’’ मी म्हटलं, ‘‘आता या वयात मला कुणाला छळायला लावता?’’ सगळे हसले आणि मग मला या शब्दाचा दुसरा, जुना अर्थ कळला.

बोट हळूहळू चालत ठेवायची, मागे लांब दोर सोडायचे आणि त्यांच्या टोकाला बांधलेले खोटे मासे पाण्यातून ओढत न्यायचे. खऱ्या माशाला ते भक्ष्य वाटतं, तो झडप घालतो आणि गळाला लागतो. हे झालं ट्रोलिंग. माझं माहेर मालवणकडचं. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला गेलेली मी, त्यामुळे गळ नवा नव्हता. पण तिथे आम्ही एका जागी बसून माशाची वाट पाहायचो, इथे आपणच माशाच्या शोधात फिरायचं होतं.

तुमचीही मुलं, भावंडं अमेरिकेत किंवा कॅनडात असतील आणि तुम्ही पानगळीच्या दिवसांत तिकडे जाणार असाल, तर नायगारा आणि न्यूयॉर्कच्या यादीत या एका दिवसाची भर नक्की घाला.

सरोवर की समुद्र?

ईरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी एक. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. काठावर उभं राहिलं की पलीकडचा कॅनडा दिसत नाही, म्हणून नजरेला ते समुद्रच वाटतं. फक्त खारा वास येत नाही. पाच सरोवरांत हे सर्वांत उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात ते लवकर तापतं आणि माशांना भरपूर खाद्य मिळतं. पण याच उथळपणामुळे वारा सुटला की लाटाही पाहता पाहता उसळतात.

इथला लाडका मासा म्हणजे वॉलाय. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, पांढरं पोट, तोंडात तीक्ष्ण दात आणि काचेच्या गोट्यांसारखे मोठे डोळे. मांजराच्या डोळ्यांत असतो तसाच प्रकाश परतवणारा पडदा याच्याही डोळ्यांत असतो. त्यामुळे अंधूक उजेडात त्याला छान दिसतं. म्हणूनच पहाट, तिन्हीसांजा, ढगाळ हवा आणि पाण्यावर थोडीशी खळबळ, ही त्याची शिकारीची वेळ. इथले गरवणारे लख्ख ऊन आणि आरशासारखं शांत पाणी पाहिलं की नाराज होतात!

सरोवराकाठच्या पोर्ट क्लिंटन या गावाचं तर या माशावर इतकं प्रेम की ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तिथे सुमारे २० फूट लांबीचा फायबरग्लासचा वॉलाय क्रेनने खाली उतरवून नवीन वर्षाचं स्वागत करतात.

मोठ्या माशांसाठी पानगळच का?

वॉलाय इथे वर्षातले बरेच महिने मिळतो. मग मोठ्या माशांचे शौकीन ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट का पाहतात? कारण पाणी थंड होऊ लागलं की छोट्या माशांचे थवे एकत्र येतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे वॉलाय. उन्हाळ्यात सरोवराच्या पूर्वेकडे पांगलेले अनेक मासे परत पश्चिमेकडे सरकू लागतात, कारण वसंतात त्यांना तिथल्या खडकाळ उथळ भागात आणि मॉमी नदीत अंडी घालायची असतात. थंडीआधी ते पोटभर खाऊन घेतात आणि अंगाने भरतात. ओहायोचा १६.१९ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंहून जास्त वजनाचा विक्रमी वॉलाय १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये याच सरोवरात मिळाला होता.

या मोठ्या माशांबद्दलची एक गोष्ट मला बोटीवर जाईपर्यंत ठाऊक नव्हती. ती पुढे सांगते.

बोटीवर काय घडतं?

आम्ही क्लीव्हलंडच्या पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या ह्युरॉन बंदरातून निघालो. खरं तर शनिवारी जायचं होतं, पण कॅप्टनने आदल्या रात्री फोन करून वाऱ्यामुळे फेरी रद्द केली. नातू रडवेला झाला. रविवारी पहाटे मात्र वारा पडला. काठावरची मेपलची झाडं लाल-केशरी झाली होती आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती.

बोट बंदराबाहेर आल्यावर कॅप्टनने वेग इतका कमी केला की रमतगमत चालणारा माणूसही आमच्या पुढे गेला असता. ताशी दोन-अडीच किलोमीटर. मग एकेक रॉड तयार झाला. रीळवर एक आकडा फिरत होता, किती फूट दोर सोडला ते सांगणारा. जितका दोर जास्त, तितका तो खोटा मासा खोल जातो. आमच्याखाली पाणी साधारण १२ मीटर होतं आणि यंत्राच्या पडद्यावर मासे तळापासून थोडे वर दिसत होते. कॅप्टन म्हणाला, ‘‘आमिष त्यांच्या डोक्यावरून जायला हवं. वॉलाय वर बघून झडप घालतो, खाली वाकून क्वचितच.’’

मग त्याने प्रत्येक दोराला एक छोटी रंगीत फळी अडकवली. बोट पुढे जाते तशी ही फळी पाणी कापत बाजूला सरकते आणि दोराला बोटीपासून दूर नेते. त्यामुळे आठ-दहा दोर एकमेकांत न गुंतता रुंद पसरतात आणि बोटीच्या आवाजाने बुजलेले मासेही टप्प्यात येतात. फळी नेहमीसारखी डुलत असेल तर सगळं ठीक. ती अचानक मागे पडू लागली की समजायचं, मासा लागला!

बोट सरळ रेषेत न नेता कॅप्टन नागमोडी नेत होता. वळताना बाहेरच्या बाजूची आमिषं वेगाने जातात, आतली मंदावतात. मासा कोणत्या बाजूला लागतो यावरून त्या दिवशी त्यांना कोणता वेग आवडतोय ते कळतं. कुठला मसाला खपतोय ते पाहून दुसऱ्या दिवशी तोच जास्त करावा, तसंच हे.

तो तीस इंची मासा

दुपारपर्यंत बर्फाच्या पेटीत पाच वॉलाय आले होते. सगळे सतरा ते वीस इंचांचे, खायला अगदी उत्तम. मग डावीकडची शेवटची फळी मागे ओढली जाऊ लागली. पाळी नातवाची होती. नऊ वर्षांचं पोर, रीळ फिरवताना त्याचे ओठ घट्ट मिटले होते. दोन वेळा त्याने थकून आईकडे पाहिलं, पण रॉड सोडला नाही. शेवटी कॅप्टनने जाळीत मासा उचलला आणि बोटीवर एकदम आरडाओरडा झाला. पट्टीवर ठेवला तर बरोबर ३० इंच!

जावई मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. ‘‘हा घरी न्यायचाच. मित्रांना दाखवू,’’ ते म्हणाले. माझं लक्ष मात्र त्या माशाच्या पोटाकडे गेलं. गरगरीत, घट्ट. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, ‘‘अगं बाई, हिच्या पोटात गाबोळी धरलीय.’’

मुलीने कॅप्टनला ते इंग्रजीत सांगितलं. तो मान हलवत म्हणाला, ‘‘बरोबर ओळखलंत. एवढे मोठे वॉलाय जवळपास सगळे माद्याच असतात. पोटातली अंडी आता वाढू लागलीत, वसंतात ती लाखोंनी घालेल. ठेवणं कायद्याने चालतं, सोडणंही चालतं. फक्त काय ते पटकन ठरवा.’’

नातवाने मला विचारलं, ‘‘आजी, तिला पिल्लं कधी होणार?’’

‘‘चैत्रात,’’ मी म्हटलं.

‘‘मग सोडूया.’’

जावयांचा चेहरा उतरला, पण मासा मुलाचा होता. कॅप्टनने हात ओले केले, एका हाताने पोटाला आधार देत तिला पाण्यात धरलं. क्षणभर ती तशीच थांबली आणि मग शेपटीचा एक फटका मारून खाली गेली.

परतताना जावई म्हणाले, ‘‘आई, या सरोवरात कोट्यवधी वॉलाय आहेत. एकीने काय फरक पडणार होता?’’ प्रश्न चुकीचा नव्हता. २००३, २०१५, २०१८ अशा काही वर्षांत इथे पिल्लांचं पीक अमाप आलं, त्यामुळे आज मासे भरपूर आहेत. मला लगेच उत्तर सुचलं नाही.

उत्तर सरोवराच्या इतिहासात मिळालं. याच पाण्यात वॉलायचा एक निळसर भाऊबंद राहायचा, ब्लू पाईक. मच्छीमारांच्या जाळ्यात तो टनावारी सापडायचा. तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल, सरोवरात काय माशांचा तोटा आहे? १९८३ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष जाहीर झाला. वॉलायही संकटातून गेला. १९६९ मध्ये क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीवर तेलकट कचऱ्याने आग लागली. १९७० मध्ये माशांत पारा सापडल्याने मासेमारीवर बंदी आली. लोक ईरीला मेलेलं सरोवर म्हणू लागले. पुढे १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने पाणी स्वच्छ ठेवण्याचा करार केला, मासेमारीवर मर्यादा आल्या आणि वॉलाय परतला. म्हणजे आजचे हे कोट्यवधी मासे आपोआप आलेले नाहीत. आधीच्या लोकांनी हात आवरला, म्हणून ते आहेत.

आपल्या कोकणातही जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर विसावतात, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा समुद्रात जातात. माझ्या वडिलांना विज्ञान ठाऊक नव्हतं, पण पोटाशी असलेला मासा गळाला लागला की ते तो बहुधा परत सोडायचे.

तुम्ही जाणार असाल तर

परवाना : ओहायोत १६ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. पाहुण्यांसाठी एक दिवसाचा परवाना ऑनलाइन मिळतो.

मर्यादा : माणशी दिवसाला ६ वॉलाय आणि किमान लांबी १५ इंच. नियम बदलू शकतात, म्हणून जाण्याआधी राज्याच्या वेबसाइटवर तपासून घ्या.

बोट : भाड्याच्या बोटी बहुतेक वेळा कॅप्टनसह असतात आणि सहापर्यंत प्रवासी घेतात. रॉड, आमिष, जाळी सगळं तेच देतात. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर हुज्जत घालू नका. हाताशी एक दिवस जादा ठेवा.

कपडे : एकावर एक तीन थर, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे, न घसरणारे बूट. लाइफ जॅकेट अंगावरच असू द्या, विशेषतः मुलांच्या. पाणी इतकं थंड असतं की पट्टीचा पोहणाराही लवकर गारठतो.

खाणं : बोट लागत असेल तर औषध निघण्याआधी घ्या. पोट रिकामं ठेवू नका, तेलकटही खाऊ नका. आमच्या डब्यातले थेपले आणि आल्याच्या वड्या कॅप्टनलाही आवडल्या.

मोठा मासा लागला तर : त्याच्या तोंडात बोट घालू नका, दात तीक्ष्ण असतात. फोटो आणि लांबी लगेच घ्या. २८ इंच किंवा त्याहून लांब वॉलायची नोंद केली की राज्याचा वन्यजीव विभाग सन्मानपत्र देतो, मासा सोडलात तरी! थंड पाण्यात सोडलेला मासा जगण्याची शक्यताही जास्त असते. शिवाय मोठ्या, वयस्क माशांत पारा जास्त साठलेला असतो, म्हणून ताटासाठी मध्यम मासाच चांगला.

त्या रात्री आम्ही त्या पाचांपैकी दोन मासे केले. आलं-लसूण, हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळले. पांढरं, मऊ मांस, काट्यांचा त्रास नाही. जावयांनी तीन तुकड्या घेतल्या आणि मग स्वतःच म्हणाले, ‘‘एवढे मासे पुरेसे होते.’’

नातवाच्या खोलीत आता तीस इंची वॉलायचा फोटो आहे आणि शेजारी ते सन्मानपत्र. चैत्रात त्याचा फोन आला. गुढी उभारली का, वगैरे झाल्यावर त्याने हळूच विचारलं, ‘‘आजी, तिने आता अंडी घातली असतील ना?’’

मी म्हटलं, ‘‘घातली असतील हो.’’