आडनाव काय?

हिंगोलीत खोली बघायला गेलं की भाडं नंतर. आधी आडनाव.

मी डाळ मिलमध्ये मशीनवर आहे. रात्रपाळी सुटली की अंगावरची चुनी झटकत दारोदार फिरायचो. "खोली हाय का?" "हाय की. गाव कोणतं?" "औंढ्याकडचं." "आडनाव?" सांगितलं की मालकाला एकदम आठवायचं, खोली पुतण्याला देऊन टाकलीय. एका बाईला पुतण्याच आठवेना, तर म्हणाली, "आमच्यात शाकाहारीच लागतंय बाबा." आतून मटणाच्या फोडणीचा वास येत होता. मला साला हसूच आलं.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कचेऱ्या आल्या, खोल्या वाढल्या. दारातला सवाल तोच राहिला. कायदा आहे. अस्पृश्य म्हणून कुणाला राहायची जागा अडवली तर गुन्हा, हे १९५५ पासून लिहिलेलं आहे. पण पुतण्यावर फिर्याद कुठल्या कलमाखाली करायची?

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. अमेरिकेत, लंडनात शिकून आलेला माणूस. जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारश्यांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. हे मी मिलमध्ये पोत्यावर बसून वाचलं, अन् तरी सातव्या दारात तेच केलं. गावाच्या नावाला 'कर' जोडला.

खोली मिळाली. कयाधूच्या अंगाला, पत्र्याची. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. भिंतीला आधीच्या भाडेकरूचा खिळा होता, तो तसाच रिकामा. कविता लिहायला बसलो की नजर ट्रंकेकडं जायची. दोन महिने एक ओळ उतरली नाही.

मग माय आली. डोक्यावर ज्वारीचं गठुडं. वट्यावर मालकीण गहू निवडत बसलेली. मायनं गठुडं उतरवलं, हात जोडले अन् मोठ्यानं म्हणाली, "जय भीम, बाई!"

मालकिणीचा हात सुपातच थांबला. ती मायकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

माय आत आली. पाणीसुद्धा घेतलं नाही, भिंतीकडं बघितलं. "फोटो कुठाय रे?"

मी ट्रंक उघडली. तिनं पदरानं काच पुसली, डब्यावर चढून तसबीर खिळ्याला लावली. बाहेर मालकीण नवऱ्याला हाका मारत होती.

"वाकडा तर नाही ना? बघ बरं."

"थोडा डावीकडं घे," मी म्हणालो.