तमिळमध्ये ‘आळ’ म्हणजे माणूस

मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाडीत बसावे आणि खिडकीशी कान द्यावा. सोलापूरपर्यंत फलाटावर मराठी बोल ऐकू येतात. वाडी, रायचूर आले की कानडी, गुंटकल आणि रेणिगुंट्याला तेलुगू, आणि चेन्नईला उतरलो की तमिळ. तिकीट एक, पण भाषा चार!

आता दुधाचेच पाहा. कानडीत दुधाला ‘हालु’ म्हणतात, तेलुगूत ‘पालु’ आणि तमिळमध्ये ‘पाल’. हे तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. जुन्या कानडीतही हा शब्द ‘प’नेच सुरू होत असे, पुढे त्या ‘प’चा ‘ह’ झाला. पण आपल्या मराठी कानाला काय ऐकू येते? हाल म्हणजे कष्ट. पाल म्हणजे भिंतीवर चुकचुकते ती, नाहीतर भटक्या कुटुंबांनी माळावर ठोकलेले पाल. दुधाची आठवण कोणालाच होणार नाही.

कार्यालयाची रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही घरची सर्व मंडळी चेन्नई आणि तिथून तंजावरला गेलो होतो. एका साध्या खानावळीत जेवण संपत आले तेव्हा वाढपी जवळ येऊन विचारू लागला, “मोर? मोर?” आमची धाकटी दचकून आईला चिकटली. मोर काही आला नाही, भातावर ताक आले. तमिळमध्ये ताकाला ‘मोर’ म्हणतात. मग मुलांना नादच लागला. विचारून विचारून त्यांनी वहीत शब्द लिहून घेतले. ‘कण’ म्हणजे डोळा. ‘काल’ म्हणजे पाय. ‘नाळ’ म्हणजे दिवस. ‘वा’ म्हणजे ये. आणि ‘पाट्टी’ म्हणजे आजी! आपण शाळेत पाटी घेऊन जातो, तिथे पाट्टी नातवंडांना शाळेत पोहोचवायला जाते.

परंतु सगळाच प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. चेन्नईच्या बाजारात एका गजरेवालीने आमच्या डब्यातून आलेल्या मुंबईच्या गृहस्थांपुढे गजरा धरला. ते आपल्या सवयीने म्हणाले, “नाय, नाय.” बाईंचा चेहरा एकदम उतरला. तमिळमध्ये ‘नाय’ म्हणजे कुत्रा. बरोबरच्या तमिळ प्रवाशाने लगेच खुलासा केला, म्हणून बाई हसल्या आणि प्रकरण मिटले. खुलासा करणारा तिथे नसता तर त्या बाईंनी तो अपमान घरी नेला असता, आणि आपण कोणाला दुखावले हे त्या गृहस्थांना कधीच कळले नसते.

असे का होते? मराठी आणि तमिळ ही भाषांची दोन वेगळी घराणी. १८१६ साली मद्रासमधील इंग्रज अधिकारी फ्रान्सिस एलिस यांनी दाखवून दिले की दक्षिणेतल्या या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत, त्यांचे कूळ स्वतंत्र आहे. १८५६ साली रॉबर्ट काल्डवेल यांनी त्यावर मोठा ग्रंथच लिहिला. कुळे वेगळी, पण माणसाचे तोंड सारखेच. जीभ, ओठ, टाळू यांतून निघणारे आवाज मोजकेच. म्हणून एकदोन अक्षरांचे लहान शब्द कुठे ना कुठे जुळतातच. अण्णा, अक्का यांची गोष्ट निराळी. ते शब्द शेजारधर्माने इकडे आले आणि येताना अर्थही घेऊन आले. ‘मोर’ आणि ‘पाल’ यांची नुसती तोंडे सारखी, नाते काही नाही.

तंजावरला हे फार चांगले समजते. तिथे १६७६ साली व्यंकोजी भोसले गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य चालले. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा साठा आहे. तिथल्या काही घरांत आजही वेगळ्या वळणाचे मराठी बोलतात. त्या घरातले मूल दोन्ही भाषा ऐकतच मोठे होते. घरात नाळ म्हणजे आईशी जोडलेली नाळ, बाजारात नाळ म्हणजे दिवस. त्याचा गोंधळ होत नाही, कारण ते नुसता शब्द ऐकत नाही, कोण बोलते आहे तेही पाहते.

त्याच तंजावरच्या भातशेतीच्या मुलखात एक शब्द कानावर आला, तो मनातून जात नाही. लावणीला किती ‘आळ’ लागतील, असे तिथे विचारतात. तमिळमध्ये ‘आळ’ म्हणजे माणूस, कामाचा माणूस, मजूर. आपल्याकडे आळ म्हणजे खोटा आरोप.

१९६० च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटले. यांनी आमच्या नोकऱ्या पळवल्या, असे बोलले गेले. चार राज्यांच्या, चार भाषांच्या माणसांना ‘मद्रासी’ या एकाच नावाखाली कोंबले आणि त्यांच्या बोलण्याला ‘यंडुगुंडू’ म्हणून हिणवले. त्यांच्यात तिरुनेलवेलीकडून चामडे कमावण्याच्या कामासाठी धारावीत आलेली कष्टकरी कुटुंबेही होती. आळ म्हणजे माणूस असे म्हणणाऱ्यांवरच आपल्या शहराने आळ घेतला.

बंधुभगिनींनो, बोलीवरून हसणे काय असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. गावाकडचा शब्द तोंडून निघाला म्हणून वर्गात हशा पिकला आणि मूल त्या दिवसापासून गप्प झाले, असे आपल्यापैकी किती घरांत घडले आहे! ज्याने तो हशा सोसला, त्याच्या घरातून तो दुसऱ्यावर जाता कामा नये.

आपल्या चाळीत, वस्तीत तमिळ, तेलुगू, कानडी बोलणारी घरे असतात. त्या घरांतल्या मुलांना बोलवा. आपल्या मुलांना पाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसवा. त्यांचे दहा शब्द, आपले दहा शब्द, अर्थासह लिहू द्या. हसू येईल, भरपूर येईल, पण ते दोघांचे मिळून असेल. आणि एखादा शब्द कानाला टोचलाच, तर रागवायच्या आधी मुलांना एवढे विचारायला शिकवा: “तुमच्याकडे याचा अर्थ काय?”