पुढचा शाफ्ट

"शेतकऱ्याला काय करायचंय फोर बाय फोर?" एका जुन्या गाड्या विकणाऱ्यानं मला तोंडावर विचारलेला हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. त्याची गाडी फोर बाय फोर चालत नव्हती, तरी त्यानं ती फोर बाय फोर म्हणून विकायला काढली होती. ते उघड झाल्यावर त्यानं दिलेलं उत्तर हे असं.

आमचं शेत कळमनुरी तालुक्यात, कयाधूच्या अंगाला. गावापासून दोनेक किलोमीटर. मधली पाणंद गाव नकाशावर आहे, जमिनीवर मात्र ती मृग लागेपर्यंतच असते. काळी भारी जमीन, एक चांगला पाऊस पडला की गुडघाभर गारा. हळदीचं बेणं शेतात न्यायचे दिवस हेच, आणि सोयाबीन काढायला आलं की परतीचा पाऊस ठरलेला. हळद काढून, शिजवून, वाळवून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात न्यायची तेव्हा उन्हाळा असतो, कुठलीही गाडी शेतापर्यंत येते. अडचण सगळी पावसाच्या चार महिन्यांची. ट्रॅक्टर भावकीत आहे, पण पेरणीत त्याला सगळीकडून बोलावणं असतं. आणि रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किती अंतर न्यायचं?

म्हणून जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायची ठरवली. नव्या गाडीचा हप्ता आमच्या उत्पन्नात बसत नव्हता. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या पिकअप मागच्या चाकांवर चालतात. चारही चाकं ओढणारी बोलेरो कॅम्पर, टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे किंवा योद्धा शोधावी लागते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक धरणांच्या, कालव्यांच्या नाहीतर सोलरच्या साइटवरून सुटलेल्या होत्या. कंत्राटदार अशी गाडी मरेपर्यंत वापरतो आणि मग धुऊन-पुसून विकतो.

शोधताना जो भेटेल तो सल्ला देत होता. दिल्लीची घेऊ नको, तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापासून एनओसी काढून त्या सगळीकडं येतात. कोकणातली घेऊ नको, खालून गंजलेली असते. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडं बुडालेली तर नाही ना, हे सीटखालच्या पट्ट्या बघून ठरव. हे सगळं खरंच आहे, मी बघतही होतो. पण जे मला पुढं दिसलं ते यातल्या कुणीच सांगितलं नव्हतं.

शेजारच्या जिल्ह्यात एक कॅम्पर लागली. फोनवर मी स्पष्ट विचारलं, "फोर बाय फोर चालू आहे का?" तो म्हणाला, "दादा, ओके गाडी आहे, काहीच काम नाही." व्हिडिओ मागितला, तोही त्यानं पाठवला. फोर बाय फोर टाकल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागलेला स्पष्ट दिसत होता. आरसीवर मॉडेलच्या नावापुढे फोर डब्ल्यूडी छापलेलं, मागच्या फाळक्यावर मोठं स्टिकर. भावही त्याच हिशोबानं सांगितलेला, साध्या पिकअपपेक्षा लाख-सव्वा लाखानं जास्त.

आमच्याकडचे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना सोबत नेलं. चाचांनी इंजिनकडं फारसं पाहिलं नाही. ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, बंपरखाली वाकले आणि मला म्हणाले, "फोर बाय फोर टाक, और पूरा स्टेरिंग काटके घुमा." डांबरी अंगणात मी गाडी गोल फिरवली. गाडी अगदी मोकळी फिरली. चाचांचा चेहरा तिथंच बदलला. कोरड्या टणक रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकत्र जोडलेली असतील तर पूर्ण वळणावर गाडी अडते, कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी जड होते, कारण वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. ही गाडी अडली नाही.

त्यांनी एक पोतं मागितलं, ते अंथरून पाठीवर खाली गेले आणि मोबाइलचा उजेड पाडून मला बोलावलं. "देख ले. आगे का जॉइंटच नै है."

मी खाली गेलो. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस. त्यातून एक शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडं गेलेला, आणि दुसरा पुढं जायला हवा तिथं नुसता फ्लँज. त्याच्या बोल्टच्या भोकांत माती वाळून दगड झालेली. एका भोकावर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. म्हणजे शाफ्ट आदल्या दिवशी काढलेला नव्हता, त्याशिवायच ही गाडी किती काळ फिरली होती कुणास ठाऊक. चाचा म्हणाले, पुढचं क्राउन-पिनियन गेलं असेल, खर्च मोठा म्हणून शाफ्टच काढून टाकला आणि मागच्या चाकांवर चालवली. डॅशबोर्डवरचा दिवा लागतो तो ट्रान्सफर केसमधल्या स्विचवर. पुढं शाफ्ट आहे की नाही, हे त्या दिव्याला कळायचं कारणच नाही.

विकणाऱ्याला खाली बोलावलं तर तो आलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "असेल गोडाऊनला पडलेला." मग म्हणाला, "लावून घ्या तुम्ही, किती लागतंय?" मी म्हणालो, मग भाव साध्या गाडीचा लावा. त्यावर तो हसला आणि ते सुरुवातीचं वाक्य बोलला. पुढं हेही म्हणाला की तुमच्याकडची माणसं स्टिकर बघूनच गाडी घेतात, आतापर्यंत कुणी खाली वाकलं नाही.

मला राग खोटेपणाचा आलाच, पण त्याहून जास्त "शेतकऱ्याला काय करायचंय" या बोलण्याचा आला. फोर बाय फोर लागते ती कुणाला? पुण्या-मुंबईची पोरं हौसेनं डोंगरात नेतात, त्यांना लागते आणि आम्हाला नको? ज्याच्या शेताला पावसाळ्यात वाट नाही, ज्याला गाऱ्यातून तीन क्विंटल बेणं न्यायचंय, त्याच्याइतकी ती कुणालाच लागत नाही. गाड्या विकून पोट भरणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं असं मी मानत नाही. त्याला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर स्टिकर काढलेलं नव्हतं.

तिथून परत येताना मी ठरवलं होतं की यापुढं मधल्या माणसाचं तोंड बघायचं नाही, थेट मालकाकडूनच गाडी घ्यायची. थेट मालकांच्या म्हणून ज्या गाड्या पाहिल्या, त्यात एकीवर फायनान्सचा बोजा होता आणि फॉर्म 35 व बँकेची एनओसी "नंतर देतो" असं उत्तर होतं. दुसरी ज्याच्या ताब्यात होती, त्याच्या नावावर ती कधी झालीच नव्हती. टीटी फॉर्मवर मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरत होती. हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते भयंकर आहे. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे ज्यानं गाडी विकली आणि विसरला, त्याच्या दारात नोटीस येणार. जो गाडी विकतो त्यानं तरी फॉर्म 29 आणि 30 भरून नाव उतरलं की नाही हे स्वतः बघावं. इसारपावती करताना गाडीचं वर्णन पूर्ण लिहून घ्यावं, "फोर बाय फोर चालू स्थितीत" हे शब्द त्यात असावेत. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं असा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्यापैकी कुणाच्याही भिंतीवर मला ते दिसलं नाही.

शेवटी गाडी मिळाली ती वाशिमकडच्या एका मधल्या माणसाकडूनच. मी पोचलो तेव्हा त्यानं गाडी आधीच उंचवट्यावर चढवून ठेवली होती. "काका, आधी खाली बघा, मग वर बोलू," असं म्हणून टॉर्च माझ्या हातात दिला. शाफ्ट होता, त्याचे क्रॉस नवे होते, पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल त्यानं आमच्या देखत काढून दाखवलं. एका टायरची नक्षी गेलेली आणि डाव्या दाराखाली पत्रा कुजलेला, हेही त्यानंच आधी सांगितलं. भावात तो फारसा खाली आला नाही. मीही मग ताणलं नाही. अशी माणसं या धंद्यात किती असतील, मला सांगता येणार नाही. पण मधली माणसं सगळी सारखी, असं मी आता म्हणत नाही.

फिटनेस, विमा, नावावर करणं हे सगळं हिंगोलीला रीतसर झालं. आठ वर्षांवरची मालवाहू गाडी म्हणून फिटनेस दरवर्षी करावा लागतो, हे घेणाऱ्यानं हिशोबात धरावं.

पहिल्याच पावसाळ्यात गाडी बेणं घेऊन शेतापर्यंत गेली. खाली गारा इतका की चाकं दिसत नव्हती, पण पुढची चाकं माती फेकत गाडी ओढत होती आणि मला कॅबिनमध्ये ते हातात जाणवत होतं. शेजारच्या वावरवाल्यांचं खतही त्याच फेऱ्यांत गेलं. त्यांच्याकडून मी डिझेलपुरते पैसे घेतो.

पण पाणंदीचं काय? मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून तिचं मातीकाम आणि खडीकरण व्हावं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज दिलेला आहे. एकानं बांध टाकून वाट अरुंद केली आहे, त्याबद्दल मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलला वेगळा अर्ज आहे. अलीकडे ग्रामपंचायतीत विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तुमची गाडी तर जाते की आता." माझी जाते. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे, बैलगाडी आहे, डोक्यावर ओझं आहे, त्यांची जात नाही. म्हणून तहसीलला कुठल्याही कामानं गेलो तरी त्या दोन्ही अर्जांची चौकशी केल्याशिवाय मी परत येत नाही.